मेंढीकोट, वाटणाऱ्याशिवाय: गेलेल्या भिडूचे पत्ते

सुटलं एकदाचं! मेंढीकोट आम्ही चौघं इंटरनेटवर खेळतो, आणि पत्ते कोणी एक जण वाटत नाही: चौघांचे संगणक मिळूनच ते कुलूपबंद करून पिसतात आणि वाटतात. उत्तर-दक्षिण ही एक जोडी, पूर्व-पश्चिम दुसरी. डावातून एक जण मध्येच नाहीसा झाला तरी उरलेले तिघं डाव पुरा करतात, आणि गेलेल्याचे पत्ते विरुद्ध जोडीला दिसत नाहीत. काल रात्री चारही जागांच्या प्रोसेस, म्हणजे प्रोग्रॅम, चालू असताना सातव्या हातानंतर दक्षिणेची बंद पाडली. आठव्या हाताची उतारी नेमकी दक्षिणेचीच होती. उत्तरेनं तिच्या वतीनं इस्पिकची सत्ती टाकली, तिघांकडे प्रूफ (गणिती पुरावा) पडताळलं गेलं आणि लॉग (डावाची नोंद) पुढे सरकला. ती एक ओळ मी कितीतरी वेळ बघत बसले.

अडचण अशी होती. कॅटमधलं प्रत्येक पान चौघांच्या एकत्रित एल्गमाल कीखाली असतं (एल्गमाल ही एन्क्रिप्शनची, म्हणजे कुलूप लावण्याची पद्धत; की म्हणजे त्याची किल्ली). ज्याला पान द्यायचं तो सोडून बाकीचे तिघं आपापलं पार्शल डिक्रिप्शन (आपल्या वाट्याचं कुलूप काढणं) चॉम-पेडरसन प्रूफसकट (की न दाखवता ते बरोबर असल्याचा पुरावा) जाहीर करतात. चौथं तो स्वतःपाशीच लावतो आणि पान फक्त त्याला दिसतं. पण आमच्या चौकडीतला एक जण दर रविवारी नाशिकहून मुंबईला परततो. गाडी कसारा घाटात बोगद्यात शिरली की तो गेला, त्याची की गेली आणि त्याच्या हातातले पत्ते जगात कोणालाच उघडता येत नाहीत. दोन दश्शा हातात, तिसरी समोर दिसतेय आणि डाव रद्द. फार जिवावर येतं.

आधीचा बेत होता थ्रेशोल्डचा: शामीर शेअरिंग, चारपैकी तीन, म्हणजे की चौघांत अशी वाटायची की कोणतेही तीन वाटे (शेअर) जमले तर कुलूप उघडतं. हा आकडा मेंढीकोटसाठी नेमका आहे असं मला अजूनही वाटतं. चारपैकी दोन ठेवले तर पूर्व-पश्चिम जोडी संगनमतानं सगळा कॅट उघडेल. चारही ठेवले तर एक गेला की डाव संपला. तीन ठेवले की विरुद्ध जोडीला तुमचे पत्ते बघायला तुमचाच भिडू फोडावा लागतो, आणि भिडूच फितूर असेल तर सतरंजीवर बसून खेळतानाही तुम्ही हरणारच. पोकरमध्ये हे जमत नाही, कारण तिथे प्रत्येक जण एकटा असतो.

पण वाटपाचा कोड थ्रेशोल्डवर न्यायला बसले आणि सगळं अडलं. दक्षिणेला पान द्यायचंय. उत्तर आणि पूर्व आपापलं पार्शल जाहीर करतात, दक्षिण स्वतःचं तिसरं जोडते, पान उघडतं. ठीक. पण पश्चिमेकडेही शेअर आहेच! जाहीर झालेले तेच दोन उचलून पश्चिम आपलं तिसरं लावते, आणि दक्षिणेचं पान तिलाही दिसतं. कोणाला फोडायला नको, काही चोरायला नको. चारपैकी चारमध्ये पार्शल उघड्यावर टाकणं सुरक्षित होतं, कारण शेवटचा तुकडा फक्त मालकाकडे असायचा. थ्रेशोल्डमध्ये ‘शेवटचा तुकडा’ कोणाचाही असू शकतो.

मग पार्शल खाजगीत पाठवायचं? तसं केलं तर भांडण मिटत नाही. दक्षिण म्हणते, पूर्वेनं चुकीचं पाठवलं. पूर्व म्हणते, बरोबरच होतं. सोक्षमोक्ष लावायला आलेली पार्शल उघडी करावी लागतात, आणि ती उघडी झाली की पानही उघडं. म्हणजे मुद्दाम तक्रार करायला लावणंही हत्यार झालं. पार्शल दक्षिणेच्या कीखाली एन्क्रिप्ट करून, ते बरोबर असल्याचं प्रूफ बाहेर लावता येतं. समीकरणं लिनियर आहेत, प्रूफ अवघड नाही. मी ते कागदावर पूर्ण मांडलं होतं. पण त्यासाठी वाटपाचा जमलेला कोड पार मोडावा लागत होता, आणि माझं मन तयार होईना.

उत्तर मिळालं ते प्रश्न उलटा धरल्यावर. कॅटची की थ्रेशोल्ड करायचीच नाही. ती चारपैकी चारच राहू दे. त्याऐवजी प्रत्येकानं आपल्या खाजगी कीचे बेरजेचे तीन तुकडे करायचे आणि बाकीच्या तिघांना एकेक द्यायचा. दक्षिणेची की म्हणजे उत्तर, पूर्व आणि पश्चिम यांच्याकडच्या तुकड्यांची बेरीज. तुकड्यांच्या पब्लिक पॉइंटची (तुकडा न दाखवता तो पडताळता येईल अशा जाहीर खुणांची) बेरीज दक्षिणेच्या पब्लिक कीएवढी येते का, हे डावाआधीच सगळे तपासतात, आणि ज्याचा त्याचा तुकडा जो तो पडताळतो. शामीरमधली पॉलिनॉमियल आणि लाग्रांजची आकडेमोड नाही.

दक्षिण नाहीशी झाली की पूर्व आणि पश्चिम आपापल्या तुकड्यानं तिच्या पानांवरचं पार्शल काढून प्रूफसकट जाहीर करतात. उघड्यावर! कारण तिसरा तुकडा उत्तरेकडे आहे. उत्तर तो स्वतःपाशी लावते आणि भिडूचे पत्ते फक्त तिलाच दिसतात. पान टाकायचं असेल तेव्हा त्या पानापुरतं तिसरं पार्शल ती जाहीर करते. दक्षिणेची पूर्ण की या सगळ्यात कोणालाच मिळत नाही. चारपैकी तीनचा सगळा फायदा आला, आणि वाटपाचा कोड एका ओळीनंही बदलला नाही. दोघं गेले तर मात्र डाव रद्द. ते मला मान्य आहे.

शामीरचं सीक्रेट शेअरिंग १९७९ चं, आणि रिव्हेस्ट, एडलमन यांच्यासोबतचा वाटणाऱ्याविना पोकरचा निबंधही त्याच वर्षीचा. दुसऱ्यानं मला या छंदात ओढलं. पहिल्याची इथे गरजच पडली नाही.

आता पिसण्याचं. पिसणी प्रामाणिक होती हे पटवायला प्रत्येक पिसणीमागे १२८ सावली-कॅट, म्हणजे त्याच कॅटच्या वेगळ्या पिसलेल्या प्रती, लागतात. एक कॅट म्हणजे ५२ पानं, पानामागे ६४ बाइट, म्हणजे ३,३२८ बाइट. नुसते सावली-कॅटच ४,२५,९८४ बाइट होत होते. ते आता पाठवतच नाही. फक्त हॅश (त्यांचा छोटा ठसा) पाठवते. चॅलेंजचा (पडताळणीच्या प्रश्नाचा) बिट शून्य आला तर ३२ बाइटचा सीड (ज्यातून सावली-कॅट पुन्हा बनतो) उघडायचा, एक आला तर क्रम आणि ५२ स्केलर (पानामागे एक गुप्त आकडा). समोरचा सावली-कॅट स्वतः बनवतो आणि हॅश जुळवून बघतो. हॅश सोडले तर सरासरी १,११,८७२ बाइटवर आलं. घाटातल्या नेटवर्कवर हा फरक लगेच जाणवतो. बेयर-ग्रोथ हे पिसण्याचं दुसरं प्रूफ यापेक्षा पुष्कळ लहान आहे, पण मला चौघांनाही वाचून कळेल असा कोड हवा आहे.

हे सगळं रिस्ट्रेटो२५५ या गणिती गटावर चालतं: कोफॅक्टरची कटकट (वक्रावरचे नको ते जादा पॉइंट सांभाळणं) गेली आणि पॉइंट ३२ बाइटमध्ये बसतो. कर्व्ह२५५१९-डालेक इतकी नीटस लायब्ररी छंदासाठी फुकट मिळते याचं मला अप्रूप वाटतं. रिले (चौघांचे निरोप पुढे पोचवणारा प्रोग्रॅम) रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरच आहे, पण लॉग एसडी कार्डावर लिहू नका. सतत लिहिण्यानं कार्डं मरतात. यूएसबी एसएसडी लावा. आणि ब्लॉकचेन सुचवणाऱ्यांना एवढंच म्हणेन की चार खेळाडूंना सह्या केलेला, मागच्या ओळीचा हॅश पुढच्या ओळीत घेणारा लॉग पुरतो.

‘गेला’ हे ठरवायचं कोणी? १९८५ मध्ये फिशर, लिंच आणि पॅटरसन या संगणकशास्त्रज्ञांनी दाखवलं की निरोप पोचायला किती वेळ लागेल याची हमी नसेल, तर एक जण बंद पडण्याच्या शक्यतेनंही डिटरमिनिस्टिक (नशिबावर काहीच न सोडणाऱ्या) प्रोटोकॉलला एकमताची खात्री देता येत नाही. हळू कोण आणि गेलेला कोण, हे बाहेरून सारखंच दिसतं. म्हणून ९० सेकंदांची मुदत, आणि मग तिघांची संमती. वेगळं मतदान ठेवणार होते, आता नाही. तुकड्यानं काढलेलं पार्शल हीच संमती, आणि भिडूनं दिल्याशिवाय काहीच उघडत नाही.

पण गाडी बोगद्यातून बाहेर आल्यावर काय? दक्षिण परतते तेव्हा उत्तरेला दोन्ही हात माहीत असतात. हरत आलेली जोडी मुद्दामही नेटवर्क बंद करेल. हे लिहिता लिहिता वाटतंय की गेलेल्याचा हात ब्रिजमधल्या डमीसारखा तिघांसमोर उघडाच ठेवावा. कोड तोच, उत्तरेनं तिसरं पार्शलही सगळ्या पानांसाठी लगेच जाहीर करायचं. परतणाऱ्यानं पुढे खेळायला हरकत नाही आणि लपून फायदा कोणालाच नाही. येत्या रविवारी एक डाव झाकून, एक उघडून खेळून बघणार.

बंद हुकूमही बदलावा लागेल. सध्या हुकूम लावणारा पानाचा हॅश-कमिटमेंट (पान न दाखवता ते आधीच पक्कं करणारा ठसा) देतो, आणि तो गेला की ते उघडणारा कोणी उरत नाही. त्याऐवजी आपल्या तेरा एन्क्रिप्टेड पानांपैकी कितवं पान, तेवढंच जाहीर करायचं. पान पालथं टेबलावर पडलेलं असतंच, इथेही तसंच पडेल, आणि मालक गेला तर ते उघडायला तिघांचे तुकडे आहेतच. हॅशचा तो सगळा भाग आज रात्री काढून टाकते.