एडिनबरात गौरीसाठी तेरडा लावला त्याची गोष्ट

आमच्याकडे गौर तेरड्याची. मुळं म्हणजे तिची पावलं, त्यामुळे रोप मुळासकट पाहिजे, असं आजीचं म्हणणं. रत्नागिरीत पावसाळ्यात कुंपणावर, दगडात, कुठंही उगवतो हो तो, कोणी लावतसुद्धा नाही. आणि इथे एडिनबरात मी त्याच तेरड्यासाठी दोन वर्षं काय काय केलं, लिहिते.

आईने बियांची पुडी देऊ केली होती पण विमानातून बी आणायला रोगमुक्तीचं सर्टिफिकेट लागतं, म्हणून इथूनच पाकीट घेतलं, डबल फुलांचा बाल्सम म्हणून मिळतो तो.

२०२४ ला उत्साहात फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच पेरलं. रेडिएटरच्या वरच्या खिडकीत ट्रे ठेवला, आठवड्यात सगळं बी उगवलं, मी घरच्या ग्रुपवर फोटोपण टाकले. पण इथे तेव्हा दिवस जेमतेम साडेआठ-नऊ तासांचा, तोही ढगाळ, आणि खालून रेडिएटरची ऊब, मग रोपं नुसती उजेडाकडे ताणत गेली, दोऱ्यासारखी, पांढरट. त्यात मी रोज वरून पाणी घालायचे आणि झाकण काढायचंच विसरले. एका सकाळी बघते तर निम्मी जमिनीलगत काळी पडून आडवी. मर रोग, बुरशी. उरलेली सात मेच्या पहिल्या आठवड्यात छान ऊन पडलं म्हणून बाहेर ठेवली आणि रात्री फ्रॉस्ट पडला. तेरड्याचं खोड म्हणजे पाणीच सगळं, सकाळी उकडलेल्या पालकासारखी झाली होती. त्या वर्षी १० सप्टेंबरला गौरी आल्या, मुखवट्यामागे दुकानातली शेवंती लावली.

गंमत बघा, तेरड्याचीच हिमालयातली चुलत बहीण १८३९ मध्ये बागेसाठी म्हणून इंग्लंडात आणली, ती आता नदीकाठी माणसापेक्षा उंच माजलीय. इथल्या वॉटर ऑफ लीथ नदीच्या काठाने फिरताना दिसते, लोक मुद्दाम जाऊन उपटतात. तिचं बी थंडीत जमिनीत पडून राहतं आणि वसंतात आपणहून उगवतं, आमची मात्र उन्हाळी, थंडी लागली की संपली. मी तिच्यासमोर उभी राहून चक्क रागाने बघायचे.

२०२५ ला फेब्रुवारीत हात बांधून बसले. माझ्या मते सगळी चूक घाईची होती, उबेची नाही. ऊब घरात कशीही मिळते, उजेड नाही. १५ एप्रिलला पेरलं, वर व्हर्मिक्युलाइटचा, म्हणजे ओल धरणाऱ्या हलक्या खनिजाच्या कणांचा, पातळ थर, २०-२१ डिग्री, आणि झाकण म्हणून टेकअवेचा प्लास्टिकचा डबा. कोंब दिसल्या दिवशी डबा काढला. पाणी फक्त खालून, ताटलीत ओतायचं, अर्ध्या तासाने उरलेलं फेकायचं. साधा एलईडी लाइट वीतभर उंचीवर १४ तास, नवरा म्हणाला बाळंतिणीची खोली केलीस. खरी पानं आल्यावर एकेक रोप वेगळ्या कुंडीत, खोड थोडं खोल पुरून, त्यालाही मुळं फुटतात म्हणून जरा लांबट झालेलंही सावरतं.

मग बाहेरची सवय, हे सगळ्यात कंटाळवाणं. मेच्या शेवटी दोन आठवडे सकाळी ट्रे बाहेर, संध्याकाळी आत, पहिले दिवस सावलीत, वारा असेल तर नाहीच. इथे समुद्रावरून हार नावाचं धुकं येतं, दुपारी बारालासुद्धा स्वेटर लागतो, त्या दिवशी ट्रे आतच. ७ जूनला भिंतीलगत दक्षिणेकडे तोंड करून लावली, १४ रोपं. तीन स्लगनी खाल्ली, म्हणजे बिनशंखाच्या गोगलगायी, रात्री टॉर्च घेऊन वेचल्या तेव्हा कुठे बाकीची वाचली.

जुलैअखेर पहिलं गुलाबी फूल आलं. आणि नेमकी त्या वर्षी गौरी लवकर, ३१ ऑगस्टला! पण तोवर कमरेएवढी नाही तरी गुडघ्यापर्यंत झाली होती. दोन रोपं मुळासकट काढली, माती धुतली, हळद-कुंकू लावलं. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणते, एवढीशीच? आणि मग पदर डोळ्याला.

उरलेल्या रोपांच्या शेंगांना रिकाम्या टी-बॅग बांधल्यात बी धरायला. तरी निम्म्या हात लावताच फुटल्या, बी कुठल्या कुठे.