कट्टे मोजले, पण वजन केलं नाही

२०२४ ची दिवाळी आटोपली आणि काटोलकडच्या आम्ही पाच शेतकऱ्यांनी मिळून सोयाबीनसाठी एक सहाचाकी ट्रक ठरवला. माल नागपूरला कळमन्याच्या बाजार समितीत न्यायचा होता. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये, पण बाजारात त्याच्याही खाली चाललं होतं, म्हणून भाड्यात तरी चार पैसे वाचावेत हा विचार.

दोनशे कट्टे चढले. "पंचावन किलोचा कट्टा धरा, एकशे दहा क्विंटल होते. गाडी याहून जास्त पासिंगची आहे नं भाऊ," ड्रायव्हर म्हणाला. पासिंग म्हणजे गाडीला मंजूर असलेला भार. हिशेब पटला. पण कट्टे पाच घरचे होते. कोणी सैल भरले, कोणी पायाने दाबून तोंडापर्यंत. हे चढवताना हमालाच्या पाठीला कळत होतं, आम्हाला कळलं नाही.

नागपूर जवळ आलं आणि तपासणी पथकाने हात दाखवला. मागचे स्प्रिंगचे पाटे पार दबलेले, ते लांबूनच दिसत असणार. त्यांनी वजनकाट्यावर चलायला सांगितलं. ड्रायव्हर हळूच म्हणाला, "काका, तसंच काढू का?" मी त्याला तिथेच थांबवलं. वजनाला नकार दिला तर ४०,००० रुपये दंड आहे, आणि पुढच्या वाटेवर १० किलोमीटरच्या आत काटा असेल तर तिथे गाडी न्यावीच लागते.

काट्यावर लाल आकडा लागला: १९,६४० किलो.

मग आरसी, म्हणजे गाडीचा नोंदणीचा कागद निघाला. रिकामी गाडी ६,८००, मालासह मंजूर वजन १८,५००. आमच्यासारख्या दोन आसांच्या ट्रकची मर्यादा २०१८ च्या जुलैत १६.२ टनांवरून १८.५ टन झाली. जुन्या गाडीच्या आरसीवर अजून १६,२०० असू शकतं, तेव्हा आपल्या गाडीचाच कागद पाहावा. आमचा माल १२,८४० किलो भरला. म्हणजे सरासरी कट्टा ६४ किलोंचा, आणि जादा ११४० किलो.

दंड मूळ २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनामागे २,०००. बावीस हजार म्हटले तरी हमीभावाने साडेचार क्विंटल सोयाबीन झालं. त्यातही हा दंड फक्त गाडी चालवणाऱ्यावर येतो असं नाही, जो चालवायला लावतो किंवा चालवू देतो तोही त्यात येतो. मालकाने फोनवर हात वर केले तेव्हा आम्हाला फार बोलता आलं नाही. कट्टे आम्हीच भरले होते.

जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही, हे त्या दिवशी नीट समजलं. गावातून एकाचा छोटा हत्ती (लहान टेम्पो) आला, पण तो ७५० किलो पासिंगचा. त्यात वीस कट्टे टाकणं म्हणजे एका ओव्हरलोडमधून दुसरा. शेवटी १३०० किलोंची पिकअप शोधली. तोवर तीन तास गेले. उतरवायची हमाली आणि पिकअपचं भाडं आमच्याच अंगावर. दुसऱ्यांदा काट्यावर १८,३६० आलं तेव्हा कळमन्यातला त्या दिवसाचा लिलाव आटोपला होता. रात्र अडत्याच्या ओट्यावर काढली.

कापूसवाल्यांना वेगळीच अडचण. कापूस वजनात सहज बसतो, पण गाडीच्या मापात बसत नाही. ट्रकच्या उंचीची मर्यादा ४ मीटर, रुंदीची २.६ मीटर, आणि गाठोडी बाजूला फुगून बाहेर आली तर त्यालाही २०,००० दंड आहे. आमच्या गावात हे फार थोड्यांना माहीत होतं.

पुढच्या हंगामात मी पाचही जणांकडे वजनकाटा फिरवला. प्रत्येक कट्टा साठ किलोंवर शिवला, गाडीत १९० च भरले आणि गावाबाहेरच्या काट्यावर वजन करून पावती ड्रायव्हरच्या हातात दिली. आकडा होता १८,२३०.