छोट्या ट्रेलरची चाक-बेअरिंग: डावी बाजू पूर्ण, उजवी बाजू बाकावर

एक ॲक्सल आणि दोन चाके असलेल्या, ब्रेक नसलेल्या माझ्या मालवाहू ट्रेलरचे काम आता निम्म्याहून पुढे गेले आहे. डाव्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या पोकळ भागात, दोन्ही बेअरिंग, त्यांचे कप (हबमध्ये ठोकून बसवलेली बाहेरची कडी) आणि ऑइल सील (ग्रीस आत व पाणी बाहेर ठेवणारे कडे) नवे बसले आहेत, तर उजवा हब सुटा करून रॉकेलने धुऊन बाकावर ठेवलेला आहे. काम हाती घ्यावे लागले ते डाव्या बाजूमुळे. चाक उचलून हाताने फिरवले की बारीक खरखर लागत असे, आणि टायर वर-खाली धरून हलवला की प्ले, म्हणजे सैलपणा, स्पष्ट जाणवत असे.

उघडण्याच्या क्रमात विशेष काही नाही. ॲक्सलखाली स्टँड लावून जॅकवरील भार काढावा, मग डस्ट कॅप, स्प्लिट पिन, कॅसल नट (पिनसाठी खाचा असलेला नट), वॉशर आणि बाहेरचे बेअरिंग या ओळीने सारे निघते. आतले बेअरिंग सील उपसल्यावर मोकळे होते. माझ्या मते खरे काम यानंतर सुरू होते आणि बहुतेक जण नेमके तेच टाळतात. जुने भाग टाकून देण्याआधी ते धुऊन, पुसून उजेडात नीट पाहिले पाहिजेत, कारण बेअरिंग कशामुळे गेले हे कळले नाही तर नवेही त्याच वाटेने जाते.

माझ्या आतल्या कपावर रोलरांच्या अंतराइतक्या अंतरावर काळपट, निस्तेज पट्टे होते आणि त्यांपैकी काहींच्या जागी धातूचे पापुद्रे निघू लागले होते. उभ्या ट्रेलरमध्ये पाणी शिरून रोलर आणि कप यांच्या संपर्करेषेवर साचले की अशा खुणा उमटतात, पुढे गंजलेल्या जागेपासून पृष्ठभाग सोलला जातो. निळसर किंवा तपकिरी झाक कुठेही नव्हती, म्हणजे बेअरिंग तापून गेलेले नव्हते; ग्रीसचा तुटवडा किंवा अतिघट्ट नट ही कारणे त्यामुळे बाद झाली. उरले पाणी, आणि ते येण्याची वाट सीलजवळच असणार होती. स्पिंडलवर, म्हणजे ज्यावर हब फिरतो त्या ॲक्सलच्या टोकावर, सीलची कड जिथे घासते तिथे नख अडकेल इतकी चर पडलेली आढळली. अशा स्पिंडलवर नवे सील फार काळ टिकणार नाही, म्हणून चर पडलेल्या भागावर पातळ पोलादी स्लीव्ह चढवली आणि मगच पुढे गेलो.

बेअरिंगचा क्रमांक जुन्या कोनवरून (रोलर ज्यावर बसतात ते आतले कडे) आणि कपावरून वेगवेगळा वाचावा, हा मुद्दा जरा विस्ताराने सांगण्यासारखा आहे. माझ्या ॲक्सलवर बाहेर एल ४४६४९ आणि आत एल ६८१४९ हे कोन आहेत. एल ४४६४९ चे छिद्र सुमारे २६.९९ मिमी आहे; एल ४४६४३ चे २५.४ मिमी, पण दोन्ही कोन एल ४४६१० या एकाच कपात चालतात, त्यामुळे केवळ कप दाखवून खरेदी केल्यास चुकीचा कोन हाती पडू शकतो. आतल्या बाजूची गंमत याच्या उलट आहे. एल ६८१४९ कोनसाठी एल ६८११० आणि एल ६८१११ असे दोन कप मिळतात, ज्यांचे बाह्य व्यास अनुक्रमे ५९.१३ आणि ५९.९७ मिमी आहेत. एक मिलिमीटरहून कमी असलेला हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण लहान कप मोठ्या हबमध्ये सैल बसून फिरू लागतो. व्हर्नियर कॅलिपर लावून खात्री करणे दोन मिनिटांचे काम आहे. कोन आणि कप मात्र जोडीनेच बदलावेत; झिजलेल्या कपावर नवे रोलर चालवण्यात काहीही बचत नाही.

जुना कप पितळी दांड्याने समोरासमोरच्या बाजूंवर आळीपाळीने ठोकून काढला. नवा कप फ्रीजरमध्ये गार करून, जुन्या कपाला एका बाजूने चीर पाडून त्याचाच ठोकणीसारखा उपयोग करून बसवला. कप खांद्याला टेकला की हातोडीचा आवाज बदलून टणक होतो. तरीही फीलर गेजची (फट मोजण्याच्या पट्ट्यांच्या संचाची) सर्वांत पातळ पट्टी खाली शिरत नाही ना, हे पाहिले.

ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्स, २ क्रमांकाच्या घट्टपणाचे वापरले. आधी कोणते भरले होते याची नोंद नसल्याने जुने पूर्ण धुतले, कारण लिथियम आणि पॉलियुरिया यांसारख्या जाती मिसळल्या तर मिश्रण पातळ होऊन वाहून जाऊ शकते. धुतलेले बेअरिंग हवेच्या झोताने फिरवण्याचा मोह मात्र आवरावा. कोनच्या रुंद तोंडाकडून ग्रीस दाबत राहावे, अरुंद बाजूने रोलरांमधून ते बाहेर येईपर्यंत.

आता नट. ही बेअरिंग निमुळत्या रोलरची आहेत; अशा बेअरिंगचे पेटंट हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये घेतले. उभा भार आणि वळणावरचा आडवा भार दोन्ही पेलणे ही या रचनेची ताकद, आणि प्ले हाताने जुळवावा लागणे ही तिची अट. हब फिरवत नट सुमारे ६८ न्यूटन-मीटरपर्यंत आवळला, म्हणजे कोन आणि रोलर जागेवर बसतात. मग हब न फिरवता तो पूर्ण सैल करून केवळ बोटांनी टेकवला. पिनचे छिद्र जुळत नसेल तर नट मागे न्यावा, पुढे कधीही नाही. डायल गेजवर ०.०२५ ते ०.१२५ मिमी इतका प्ले मला योग्य वाटतो. किंचित सैल बेअरिंग वर्षानुवर्षे चालते, घट्ट बेअरिंग मात्र तापून लवकर जाते.

उजव्या बाजूचे कप धुतल्यावर स्वच्छ दिसत असले तरी तिथेही पूर्ण संच बदलणार आहे, कारण दोन्ही चाके सारखीच उभी राहिली आहेत. तिथे अडथळा निराळा आहे: स्पिंडलच्या टोकाचे आटे ठेचलेले आहेत, आणि नट हाताने सहज फिरत नसेल तर बोटांना जाणवणारा घट्टपणा बेअरिंगचा की आट्यांचा हे सांगता येत नाही. आट्यांची कानस लावून ते साफ होईपर्यंत जोडणी थांबवली आहे.