बाहेरचा फोन घेताय? आधी कुलूप तपासा

नाशिकला एम. जी. रोडवर सेकंड-हँड आयफोनची चौकशी केली की इंडियन पीसचा एक भाव निघतो आणि ‘बाहेरच्या’, म्हणजे परदेशातून आलेल्या ‘पीस’चा त्याहून कमी. हा फरक का, हे काचेवरच्या ओरखड्यांत किंवा बॅटरी हेल्थमध्ये शोधण्याआधी सिमकडे बघा.

अमेरिकेत फोन कुठला घ्यायचा हे बराच काळ नेटवर्क कंपनीच ठरवायची. २००७चा पहिला आयफोन तिथे फक्त एटी अँड टी या कंपनीच्या नेटवर्कवर चालत होता. तिची स्पर्धक व्हेरायझन हिच्या ग्राहकांना तो मिळाला फेब्रुवारी २०११मध्ये. मधल्या काळात हातात आयफोन नसलेल्या व्हेरायझनने २००९ साली मोटोरोलाचा ड्रॉइड हा अँड्रॉइड फोन जोरात पुढे आणला. अँड्रॉइडचा अमेरिकेत जम बसला तो फक्त गुणांवर नाही, दोन नेटवर्कांच्या या चुरशीचा त्यात मोठा वाटा आहे. हप्त्यावर दिलेला फोन तिथे आजही बहुधा लॉक असतो, म्हणजे त्याच कंपनीच्या सिमवर चालतो. ब्रिटनने लॉक फोन विकायला डिसेंबर २०२१पासून बंदी घातली, जपानने ऑक्टोबर २०२१पासून. अमेरिकेतून आलेल्या फोनला म्हणूनच जास्त तपासावं लागतं.

आपल्याकडे जीएसएम, म्हणजे सिम टाकून चालणारे फोन पहिल्यापासून बहुतेक खुलेच विकले गेले. अपवाद मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहेत. २००३च्या सुमारास रिलायन्सचे सीडीएमए या वेगळ्या तंत्राचे फोन घराघरांत पोचले, तेव्हा हँडसेट आणि कंपनी एकमेकांना बांधलेली होती. कंपनी सोडली की फोन निकामी. २००८मध्ये आयफोन ३जी एअरटेल आणि व्होडाफोनमार्फत आला, ८ जीबीला ३१,००० रुपये, तोही नेटवर्कला बांधलेला. २०१७चा जिओफोन आणि २०२३चा ९९९ रुपयांचा जिओ भारत हे फोनही जिओच्या सिमवरच चालतात. स्वस्त फोनची किंमत अशी दुसरीकडून वसूल होते. घरातल्या आजी-आजोबांसाठी असा जुना फोन घेताना दुसऱ्या कंपनीचं सिम टाकायचा विचार असेल, तर घेऊच नका.

आता तपासणी. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट असं जाऊन ‘कॅरियर लॉक’ बघा. तिथे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असंच दिसायला हवं. दुसरं काहीही असेल तर फोन लॉक आहे आणि ते कुलूप रीतसर काढायचा अधिकार मूळ नेटवर्ककडेच असतो, तेही सहसा हप्ते पूर्ण फिटल्यावर. सिमखाली पातळ चिप बसवून चालवलेला फोन दाखवला तर सरळ परत ठेवा. ती चिप फोनला फसवत असते. पुढचं अपडेट आलं की ‘सिम नॉट सपोर्टेड’ दिसायला लागतं. सिमचा ट्रे काढून बघा, चिप हाताला लागते.

अमेरिकेतल्या आयफोन १४पासून सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनमध्येच असलेलं आणि सॉफ्टवेअरने चालू होणारं सिम. इथल्या खासगी कंपन्या ई-सिम देतात, पण ते घेणं म्हणजे सिम बदलणंच, आणि सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद राहू शकतात. म्हणजे बँकेचा ओटीपी नाही. कांद्याचे पैसे यायच्या दिवशी हा बदल करू नका. शिवाय १ जुलै २०२४पासून सिम बदलल्यावर ७ दिवस नंबर पोर्ट करता येत नाही.

खरी गोम यापुढे आहे. फोन अनलॉक असला तरी व्होल्ट (VoLTE, म्हणजे ४जीवरूनच होणारा कॉल) आणि ५जी चालेलच असं नाही. त्यासाठी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या त्या नेटवर्कची सेटिंग असावी लागते आणि ती फोन कंपनी व नेटवर्क कंपनी मिळून ठरवतात. ऑक्टोबर २०२२मध्ये भारतात ५जी सुरू झालं, तेव्हा आयफोनमध्ये हार्डवेअर तयार होतं. तरी डिसेंबरातलं आयओएस १६.२ येईपर्यंत सर्वांना ५जी मिळालं नाही. ॲपलमध्ये निदान सिम ओळखून या सेटिंगची फाइल आपोआप उतरते. सॅमसंगमध्ये फोन कुठल्या देशासाठी बनला याचा सीएससी कोड असतो. सेटिंग्ज, अबाउट फोन, सॉफ्टवेअर इन्फर्मेशनमध्ये ‘सर्व्हिस प्रोव्हायडर सॉफ्टवेअर व्हर्जन’ बघा. भारताचा कोड ‘आयएनएस’. अमेरिकेचा गॅलेक्सी असेल तर जिओवर व्होल्ट न मिळण्याची शक्यता धरूनच चला. आणि जिओकडे २जी-३जी नाहीच, त्यामुळे व्होल्ट नाही म्हणजे साधा कॉलही नाही.

बँडही बघा, म्हणजे नेटवर्क ज्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यांवर चालतं त्यांचे क्रमांक. जिओ ४जीला ३, ५ आणि ४० वापरतं. महाराष्ट्रात व्हीआयकडे (व्होडाफोन आयडिया) ८ आणि ४१ आहेत, बीएसएनएलच्या ४जीला २८ आणि १ लागतात. कॉलेज रोडला हा फरक जाणवणार नाही. पेठ, सुरगाणा, हरसूल किंवा कसारा घाटात जाणवेल, कारण डोंगराआड लांबवर पोचतात ते ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्‌झचे बँड, म्हणजे अनुक्रमे २८, ५ आणि ८. चीनच्या बाजारासाठी बनलेल्या काही मॉडेलांत २८ नसतो. बीएसएनएलवर अवलंबून असलेल्या गावासाठी तो फोन फारसा कामाचा नाही. जिओचं ५जी एसए पद्धतीचं, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणारं आहे, त्यामुळे स्पेसिफिकेशनमध्ये एसए (SA) आणि एन७८ (n78), एन२८ (n28) हे ५जीचे बँड शोधा.

पैसे देण्याआधी *#०६# डायल करून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक काढा. केवायएम (KYM) ही इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून १५ अंकी आयएमईआय, असा मेसेज १४४२२ वर पाठवा. ‘ब्लॅकलिस्टेड’, ‘डुप्लिकेट’ किंवा ‘ऑलरेडी इन यूज’ आलं तर तिथूनच परत फिरा. अँड्रॉइड फोन हप्त्यावर घेतलेला असेल तर फायनान्सचं लॉक वेगळं असतं आणि ते फॅक्टरी रीसेट करूनही जात नाही. पहिल्या मालकाकडून हप्ते फिटल्याची एनओसी मागा.

शेवटी दुकानातच स्वतःचं सिम टाका, वायफाय बंद करा आणि घरी कॉल लावा. कॉल चालू असताना वरच्या पट्टीत ४जी किंवा ५जी टिकतंय का बघा. अँड्रॉइडवर व्होल्टची खूणही दिसायला हवी. कॉल लावताच ते २जीवर घसरलं, तर व्होल्ट चालत नाही.