बॅफिलोमायसिनची फाईल आणि ऑटोफॅजी फ्लक्स : माझा अनुभव

पेपर रिव्हिजनला आला आणि रिव्ह्यूअरने एकच गोष्ट मागितली, ऑटोफॅजीचा फ्लक्स दाखवा. ऑटोफॅजी म्हणजे पेशीने स्वतःचाच टाकाऊ भाग पचवणं, आणि फ्लक्स म्हणजे ते काम शेवटपर्यंत किती होतंय. मागणी रास्तच होती. आमचं कंपाऊंड दिलं की ब्रेस्ट कॅन्सरच्या एमसीएफ-७ पेशींमध्ये ऑटोफॅजीची खूण असलेल्या एलसी३-टू प्रोटीनचा वेस्टर्न ब्लॉटवरचा बँड जाड व्हायचा, पण तेवढ्यावरून ऑटोफॅजी वाढली असं म्हणता येत नाही. कचराकुंडी भरून वाहतेय ती कचरा वाढला म्हणून की घंटागाडीच आली नाही म्हणून, हे नुसतं कुंडीकडे बघून कसं कळणार? म्हणून बॅफिलोमायसिन ए१ देऊन लायसोसोमचं, म्हणजे पेशीतल्या घंटागाडीचं, काम मुद्दाम बंद पाडायचं आणि त्यावर कंपाऊंड दिल्यावर बँड अजून वाढतो का ते बघायचं; वाढला तर कचराच वाढलाय.

प्रयोग मोजक्या दिवसांचा. औषध हातात येईपर्यंत अख्खा पावसाळा गेला.

आमच्या परचेस सेक्शनला तीन कोटेशन्स लागतात. दिली. मग जेमवर (सरकारी खरेदीच्या पोर्टलवर) मिळत नाही याचा रिपोर्ट जोडा. जोडला. मग फाईल परत, कारण तीन कंपन्यांचे पॅक साईज वेगळे, तुलना कशी करायची? ते जुळवून आणेपर्यंत एका कोटेशनची व्हॅलिडिटी संपली आणि सगळं पहिल्यापासून. दर वेळी तेच, "मॅडम, फाईल वर गेलीय." वर म्हणजे कुठे ते कोणी सांगत नाही. इतक्याशा पावडरीला इतके पैसे का, याचं वेगळं जस्टिफिकेशन लिहून मागितलं, त्यात मी जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमींना २०१६ चं नोबेल ऑटोफॅजीच्या कामावर मिळालं हेसुद्धा घातलं, म्हटलं विषय काय आहे ते तरी कळेल. आणि शेवटी माल आला तर स्टोअरवाले सही करेनात, कारण बाटली रिकामी आहे म्हणे! अहो हे मायक्रोग्रॅममध्ये येतं, तळाशी नीट निरखून पाहिलं तर पातळसा थर दिसतो, नाहीतर काहीच दिसत नाही. तोवर ते बाहेर टेबलावर पडून, जे उणे २० मध्ये असायला हवं. माझा आवाज तिथे चढला आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. गाईड सरांनी फोन केला तेव्हा सही झाली.

बाटली आली की वजन करायच्या भानगडीत पडू नका, डीएमएसओ (विरघळवायचा द्रव) थेट त्याच बाटलीत घाला, छोटे अ‍ॅलिकॉट्स (वाटे) करा, उजेडापासून जपा. आम्ही १०० नॅनोमोलर, शेवटचे चार तास दिलं. जास्त वेळ ठेवलं तर त्यानेच पेशी मरायला लागतात.

पुढचं भराभर झालं. कंपाऊंड आणि बॅफिलोमायसिन एकत्र दिलेल्या लेनमध्ये बँड नुसत्या बॅफिलोमायसिनपेक्षा स्पष्ट जाड, म्हणजे फ्लक्स खरंच वाढलेला. ब्लॉट डेव्हलप होताना मी डार्करूममध्ये अक्षरशः ओरडले. ऑटोफॅजीला लागणारं एटीजी५ हे जीन सायलेन्स केलं तर अ‍ॅनेक्सिन पॉझिटिव्ह, म्हणजे मरू लागलेल्या, पेशी वाढल्या, म्हणजे ऑटोफॅजी या पेशींना मारत नव्हती, वाचवत होती. हे माझ्या थीसिसमधलं सगळ्यात आवडतं वाक्य आहे.

हो, एलसी३ साठी ब्लॉटला ०.२ मायक्रॉन छिद्रांचा पीव्हीडीएफ मेम्ब्रेन घ्या, प्रोटीन इतकं लहान आहे की ०.४५ मधून निसटू शकतं. आणि अ‍ॅनेक्सिनच्या वेळी वरचं मीडियम फेकू नका, मेलेल्या पेशी त्यातच तरंगत असतात. ट्रिप्सिनमधलं ईडीटीए नीट धुवा, अ‍ॅनेक्सिनला चिकटायला कॅल्शियम लागतं.

एमसीएफ-७ वर काम करणाऱ्यांनी कॅस्पेज-३ (पेशी मरताना इतर प्रोटीन्स कापणारं प्रोटीन) ची अँटीबॉडी मागवूच नका, या पेशींमध्ये ते प्रोटीन नसतंच. पार्प या प्रोटीनचं क्लीव्हेज (कापलं जाणं) बघा, ११६ किलोडाल्टनचा ८९ होतो, ते काम कॅस्पेज-७ करतं. एक इंडेंट (खरेदीची मागणी) तरी वाचेल.

आणि बॅफिलोमायसिनची फाईल अडकलीच तर क्लोरोक्वीन मागवून ठेवा. मलेरियाचंच ते, स्वस्त, लगेच मिळतं, लायसोसोमच्या पायरीवरच अडवतं, आणि फ्लक्ससाठी चालतं. मला हे लॅबमधल्या सीनियरने सांगितलं तेव्हा पावसाळा संपत आला होता.