ट्रेनरवरचे इंटरव्हल रस्त्यावर: कुठवर जमलं

मंडळी, उन्हाळाभर घरातल्या ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायचं यंत्र) पंख्यासमोर घाम गाळून एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येणारा जोर, २१० वॉटवर आणला. पावसाळा सुरू झाल्यापासून तेच इंटरव्हलचे वर्कआउट (ठरावीक मिनिटं जोर, मध्ये विश्रांती) सोलापूरच्या अक्कलकोट रोडवर न्यायचा उद्योग चालू आहे. बाहेरच्या सायकलला पायांचा जोर वॉटमध्ये मोजणारा पॉवरमीटर नाही, आणि त्याच्या किमतीत घरातली बरीच कामं होतात, त्यामुळे तो विषय सध्या बंद. छातीचा हार्टरेट पट्टा, हँडलवरचा साधा कॉम्प्युटर आणि पायांची समज, एवढ्यावर भागवतोय.

पायांना ही समज ट्रेनरवरच दिली. ईआरजी मोड (यात ट्रेनर स्वतःच भार बदलून वॉट ठरवलेल्या आकड्यावर ठेवतो) बंद केला, स्क्रीनवरच्या वॉटच्या आकड्यावर कागद चिकटवला आणि ‘हे १९० असावेत’ अशा अंदाजाने आठ-आठ मिनिटं मारली. फाइल नंतर उघडून बघायची. सुरुवातीला प्रत्येक इंटरव्हलची पहिली दोन मिनिटं हमखास जास्त जोराची निघायची. ताज्या पायांना जोर कळत नाही आणि हार्टरेट तर मागून चालत येतो, त्यामुळे तोही वेळेवर टोकत नाही. आता नियम असा: पहिलं मिनिट ‘फारच सोपं आहे’ असं वाटलं पाहिजे. मग श्वासाकडे लक्ष. एक छोटं वाक्य बोलता येतं पण दुसरं बोलावंसं वाटत नाही, हा माझा स्वीट स्पॉट, म्हणजे एफटीपीच्या साधारण ९० टक्के.

वर्कआउट निवडण्याआधी आता रस्ता मोजतो. ताशी ३२ किलोमीटरने वीस मिनिटं म्हणजे साडेदहा किलोमीटरच्या वर, आणि तेवढा सलग, सिग्नल नसलेला पट्टा हवा. शांती चौकातून निघून कुंभारी मागे पडेपर्यंतचं अंतर वॉर्मअपला जातं. पुढे वळसंगच्या बाजूला जाताना एक वीस मिनिटं, वळून येताना दुसरी. पाय थांबवायचा नाही हे ऐकायला सोपं आहे, पण ट्रेनरवर पाय आपोआप फिरत राहतात आणि रस्त्यावर स्पीडब्रेकर, म्हैस, बाजूने अचानक बाहेर येणारी मोटारसायकल, प्रत्येक जण दोन-चार सेकंद खातो. ती सेकंदं पुढे जोर लावून भरून काढायच्या फंदात पडत नाही. गाव आलं तर लॅप बटण दाबून इंटरव्हल तिथेच संपवतो, वीसाची अठरा झाली तरी.

आता वाऱ्याचं. आषाढ-श्रावणात आपल्याकडे वारा पश्चिमेचा, म्हणजे अक्कलकोटकडे जाताना पाठीशी. मला वाटलं होतं जाणं मजेचं आणि येणं शिक्षेचं. निघालं उलटं. पाठीला वारा असला की मोठा गिअर टाकूनही पायाखाली भार लागत नाही, वेग ३८ दिसतो आणि हार्टरेट झोपलेला. परतीचा समोरचा वारा मात्र सोलापूरचा फुकटातला ईआरजी मोड आहे: पाय ढिला सोडला की सायकल लगेच मरते, त्यामुळे जोर एकसारखा राहतो. तेव्हा वेगाकडे बघू नका. हवेचा अडथळा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. समोरून वारा असताना २६ आणि पाठीमागून ३८ हे एकाच जोराचे आकडे असू शकतात. आता अवघड इंटरव्हल परतीला ठेवतो.

चार-पाच मिनिटांचे कडक इंटरव्हल, म्हणजे एफटीपीच्या ११० टक्क्यांच्या आसपासचे, सपाटीवर मला जमत नाहीत. तेवढ्या जोरात वेग असा चढतो की नजर रस्त्यावर ठेवू की घड्याळावर, कळत नाही. त्यांना चढ हवा, आणि चढ म्हणजे तुळजापूरचा घाट. ४५ किलोमीटर दूर, त्यामुळे ते रविवारचंच काम. चढताना चार मिनिटं, मग वळून सावकाश खाली. उतरायला लागेल तो वेळ विश्रांतीचा. ट्रेनरवरच्या चार मिनिटांपेक्षा ही विश्रांती लांबते, आणि लांबू द्यावी. धापा टाकत उतारावर ब्रेकशी झुंजण्यात काही शौर्य नाही. कोजागरीच्या आसपास मात्र तो रस्ता विसरा, सगळा आईच्या दर्शनाला चालत जाणाऱ्यांचा असतो.

३०/१५ मी बाहेर काढलेच नाहीत. तीस सेकंद जोर, पंधरा सेकंद हलकं, असं तेरा वेळा, मध्ये तीन मिनिटं सोडून असे तीन सेट. साडेनऊ मिनिटांच्या सेटमध्ये डोकं घड्याळात अडकतं, आणि मागून ट्रक येत असताना ते तिथे अडकलेलं मला नको. ते पंख्यासमोरच बरे.

पाण्याचं एक: ढग असले तरी दीड तासाला दोन बाटल्या संपतात. ऊन निघालं की त्याच जोराला हार्टरेट वर सरकतो. अशा दिवशी पट्ट्याचं ऐकत नाही, श्वासाचं ऐकतो.

दिवाळीनंतर उसाचे ट्रॅक्टर सुरू होतील. पहाटे अंधारात मागे दिवा नसलेली दुहेरी ट्रॉली दिसेपर्यंत आपण तिच्या बुडाशी असतो, म्हणून तेव्हा पूर्ण उजाडल्यावरच निघायचं ठरवलंय. वीस मिनिटांचा दुसरा पट्टा म्हणून विजापूर रोडवर टाकळीपर्यंत जाऊन बघायचा विचार आहे. तिकडे सकाळी सातच्या सुमारास ट्रक किती असतात आणि कडेची पट्टी सायकल चालवण्याजोगी आहे का, जाणाऱ्यांनी जरूर सांगा.