खुंटीवरची पिशवी

विदर्भातल्या खेड्यात मधल्या खोलीच्या खुंटीला एक प्लास्टिकची पिशवी लटकलेली असते. घरादाराचं आजारपण तिच्यात: डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, एक्स-रे, अर्धी संपलेली गोळ्यांची पाकिटं. छातीत जळतं म्हणून दुसरा डॉक्टर गाठायचा ठरला की धुतलेले कपडे निघतात, एसटीची वेळ विचारली जाते. पिशवी मात्र खुंटीवरच राहते. नव्या डॉक्टरने आपल्या मनाने पाहावं, हा भाबडा हिशेब! तो बिचारा पहिल्यापासून सुरुवात करतो आणि तीच पॅन्टोप्राझोल, आम्ल कमी करणारी गोळी, लिहून देतो.

गोळी बरेचदा लागू पडत नाही ती घेण्याच्या वेळेमुळे. पोटात आम्ल सोडणारे पंप जेवणाबरोबर जागे होतात, तेव्हा ती रक्तात हजर हवी. म्हणून सकाळी उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी. तर्री-पोहे हाणून मग घेतली तर असर कमी. शिवाय ती 4 ते 8 आठवडे सलग घ्यायची असते. इथे चौथ्या दिवशी बरं वाटलं की पाकीट पिशवीत.

रात्री आंबट पाणी घशाशी येत असेल तर बाजेच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा एकावर एक आडव्या ठेवाव्यात, सहा इंच उंची मिळते. उशांची चळत नको; तिने मान वाकते, पोट दुमडतं आणि आम्ल उलट वर ढकललं जातं.

"तंबाखू खाता?"
"नाही जी, फक्त खर्रा."

हे उत्तर दोन्ही डॉक्टरांना मिळतं. अन्ननलिकेच्या तळाची झडप तंबाखूने सैल पडते, मग तो सुपारी-चुन्यात घोटलेला का असेना. पोट जाळणाऱ्या कंबरदुखीच्या गोळ्याही कोणी सांगत नाही, म्हणून त्यांचं रिकामं पाकीट पिशवीत हवंच. दुर्बिणीचा (एंडोस्कोपीचा) रिपोर्टही हवा, फोटोंसकट, तारीखवार लावलेला. दवाखाना कागद देत नसेल तर लेखी मागावेत. 2002 च्या वैद्यकीय नियमांत 72 तासांची मुदत आहे.

घास अडकणं, वजन उतरणं, काळी शौच यात वाट पाहू नये. घाम फुटून दुखणं जबड्यात किंवा हातात गेलं तर ते गॅसवर ढकलू नये, लगेच ईसीजी.

पोटातल्या जंतूची तपासणी ठरली तर आम्लाची गोळी दोन आठवडे आधी बंद ठेवावी लागते, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट कोरा येतो. ते डॉक्टरला विचारूनच. निघताना आणखी एक विचारावं: ही गोळी किती दिवस, आणि सोडायची कशी? बरेच महिने घेतलेली एकदम सोडली तर आम्ल उसळून येतं, आणि माणूस तिसऱ्या डॉक्टरसाठी एसटी शोधू लागतो.